नववा प्रश्न

वहिनीनं मला तो प्रश्न विचारला तेव्हा ती चिंचेच्या कोळानं समया घासत होती. २० जुलै २०२०, दिव्यांची अवस. मी मागच्या पडवीच्या पायरीवर बसलो होतो, सकाळपासून बहुधा तिथेच. वहिनी आमच्या वाडीची आशाताई. दिवसभर पावसात घरोघर हिंडून ताप आहे का, खोकला आहे का, मुंबईहून कोण आलंय का, असं विचारत रजिस्टर भरून ती नुकतीच परतली होती. त्याच आवाजात, समईवरचा हात न थांबवता, तिनं विचारलं, "भावोजी, जीव द्यायचं येतं का तुमच्या मनात?"

मी नाही म्हणणार होतो. नाही म्हणायची सवयच झाली होती. पण ताप आहे का म्हटल्यावर जसं खरं ते सांगून टाकतो, तसं तोंडातून 'हो' निघून गेलं.

"कधीपासून?"

"लावणीच्या आधीपासून."

"आज पण?"

"आज पण."

तिनं समई खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. रडली नाही, ओरडली नाही. मला लेक आहे, म्हातारी आई आहे, याची आठवणही करून दिली नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. "आज रात्री हे तुमच्याजवळ ओटीवर झोपतील. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं."

असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं घुसतं, असं आमच्याकडे सगळे मानतात. माझ्या डोक्यात ते महिनाभर होतंच. विचारल्यामुळे इतकंच झालं, की ते वाहायला दुसरं माणूस आलं. पुढे डॉक्टरही हेच म्हणाले: थेट विचारल्यानं धोका वाढत नाही.

तिला संशय कशावरून आला, ते मी नंतर विचारलं. दोन दिवसांआधी मी विम्याचे, कर्जाचे कागद आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून तिच्याकडे दिलं होतं, "असू दे तुझ्याजवळ" म्हणून. मनगटावरचं घड्याळ पुतण्याला देऊन टाकलं होतं. आणि महिनाभर कुणाशी न बोलणारा मी दोन दिवस एकदम शांत, गोड बोलायला लागलो होतो. आई म्हणाली, पोर सुधारलं. वहिनीला त्याच शांतपणाची भीती वाटली. हे मुद्दाम लिहितोय. आपल्या घरात असं कुणी सगळं आवरून ठेवायला लागलं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका.

आता थोडं मागे जातो. मी मुंबईत लग्नाच्या जेवणावळींचे ठेके घेणाऱ्या एका केटररकडे सुपरवायझर होतो. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेची सगळी लग्नं गेली. मालकानं लोकांचे आगाऊ पैसे परत केले, आम्हाला द्यायला त्याच्याकडे उरले नाहीत. ठाण्याजवळ दिवा इथे घेतलेल्या खोलीवर कर्ज होतं. रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची मुभा दिली होती, आधी तीन महिने आणि नंतर ३१ ऑगस्टपर्यंत. लोकांना त्या मुभेनं धीर आला. मला फक्त ती तारीख दिसायची.

मेमध्ये ई-पास काढून आम्ही तिघं गावाला आलो. दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडे आमची वाडी. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत, ज्या वर्गात मी बाराखडी शिकलो त्याच वर्गात. जेवण गेटाशी ठेवून लोक लांब जाऊन उभे राहायचे. मी त्यांना दोष देत नाही, प्रत्येकाच्या घरात म्हातारं माणूस होतं. पण सात वर्षांच्या माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, आपल्याला कोण हात का लावत नाय?" आणि मला उत्तर आलं नाही.

शाळेतून सुटून चार दिवस झाले, तोवर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ज्यांनी ते अनुभवलं त्यांना सांगायला नको. दादाच्या आगरात दीडशेच्या वर पोफळी होत्या, आजोबांनी लावलेले माड होते. संध्याकाळी वारा पडल्यावर आम्ही बाहेर आलो तेव्हा आगर कुठे संपतं आणि गडगा कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. उभ्या पोफळी मोजल्या, अकरा. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. दादा त्या रात्री एकच वाक्य बोलला, "म्हणजे मी पंचावन्नचा होईन." कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. अंधारात सगळे आठ वाजता आडवे व्हायचे आणि मी रोज पहाटे तीनला टक्क जागा.

त्या महिन्यात काय झालं ते नीट सांगणं अवघड आहे. भाताला चव नव्हती. आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. लावणीला सगळी वाडी शेतात आणि मी बांधावर बसून, पायात जीव नाही म्हणून. लोकांना वाटलं मुंबईत राहून आळशी झालाय. सगळ्यात वाईट गोष्ट हिशेबाची. आयुष्यभर मी पाचशे पानांच्या पंगतीचे हिशेब केलेत, किती किलो तांदूळ, किती नारळ. तेच डोकं आता रात्रभर एकच हिशेब मांडत बसायचं, माझ्यामुळे घराला किती भार, आणि मी नसेन तर किती हलकं. दर वेळी उत्तर तेच यायचं, म्हणून ते खरंच वाटायचं. तो हिशेब मुळातच खोटा होता. आजार आकडे बदलून देतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

जूनमध्ये एकदा मी झोप येत नाही म्हणून एका डॉक्टरकडे गेलो होतो. ते म्हणाले, मन खंबीर ठेवा, सगळ्यांचंच असं चाललंय. वाईट हेतूनं म्हणाले नसतील. पण त्यानंतर पाच आठवडे मी कुणाकडे तोंड उघडलं नाही. खंबीर व्हायला जे लागतं तेच संपलं होतं, ते त्यांना कसं सांगणार?

अवसेच्या रात्री वहिनीनं माझ्या बायकोला सांगितलं. मी ओटीवर पडलो होतो, दादा शेजारी. बायको माजघरातून आली, उभी राहिली आणि म्हणाली, "हप्ता मला माहीत होता. हे माहीत नव्हतं." मग बराच वेळ ती माझ्या पायाशी बसून राहिली. तिचा राग पुढे बरेच महिने टिकला आणि तो रास्त होता.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरनं तोंडावर प्लास्टिकचं शील्ड लावलं होतं. वहिनीनं विचारलेलंच त्यानं विचारलं, आणखी खोलात जाऊन. मी दादाकडे बघून हळूच विचारलं, हे लिहून ठेवलंत तर पोलीस येतील का? डॉक्टरनं सांगितलं की नुसता विचार मनात येणं हा गुन्हा कधीच नव्हता. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार, जीव द्यायचा प्रयत्न झालेला माणूसदेखील तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उपचार मिळवून देणं सरकारचं काम आहे. मग रक्त तपासायला घेतलं, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस असा गळू शकतो. आणि रत्नागिरीला फोन लावला.

कोकणात 'रत्नागिरीला नेलं' या शब्दांचा एक वेगळा अर्थ आहे. राज्यात तेव्हा सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. आमच्या भागात पोरं भांडताना एकमेकांना तेच म्हणतात. आईनं पदर तोंडाला लावला. दादानं तिला समजावलं की जायचंय ते जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, ओपीडीत, संध्याकाळी परत यायचंय. तरी तिनं आधी गुरवाकडे जाऊन देवीपुढे गाऱ्हाणं घालून घेतलं. गुरव तिला म्हणाला, देवी पाठीशी आहे, डॉक्टरचं औषध चुकवू नका. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. त्यानं दुसरं काही सांगितलं असतं, तर आईनं तेच ऐकलं असतं.

भाड्याच्या गाडीनं साडेतीन तास. काचा खाली, सगळ्यांना मास्क, वाटेत ठिकठिकाणी पडलेल्या झाडांचे बुंधे अजून रस्त्याकडेला. मानसोपचाराच्या ओपीडीत बाकांवर एक सोडून एक बसायचं होतं. माझ्यासारखे बरेच होते: खलाशी वाटावा असा एक माणूस, बाळंतपणातून नुकती उठलेली एक बाई, मास्तर दिसणारे एक गृहस्थ. मला वाटत होतं माझ्यावर एकट्यावरच हे आलंय.

डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद पुढे ठेवला, मराठीत. नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं? अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. पहिला, कशात रस वाटत नाही का. तिसरा झोपेचा, चौथा थकव्याचा, पाचवा भुकेचा. सहावा, आपण घराला खाली पाहायला लावलं असं वाटतं का. तो वाचून मी थांबलो. मी कुणालाही न सांगितलेली गोष्ट कागदावर आधीच छापलेली होती. म्हणजे माझ्याआधी इतक्या लोकांना हे झालंय, की त्याचा फॉर्म निघाला. आणि नववा, मरून गेलेलं बरं, असं वाटतं का. सत्तावीसपैकी माझे बावीस आले.

बाई म्हणाल्या, हा आजार आहे, नाव डिप्रेशन, तीव्र आहे, आणि बरा होतो. मग त्यांनी मला आकडे दिले. ते आकडेच मी धरून राहिलो, म्हणून इथे लिहितो. गोळी सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे फरक वाटणार नाही, उलट मळमळ, अस्वस्थपणा वाढू शकतो. वाढला तर वाट बघत थांबायचं नाही, फोन करायचा. चार ते सहा आठवड्यांनी चढ लागेल. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी सोडायची नाही. शाळेतल्या चौदा दिवसांना शेवट होता, म्हणून ते निघाले. या दुखण्याला शेवट दिसत नव्हता. बाईंनी तो मोजून दाखवला.

भरती करायचं की नाही, यावर त्या दादाशी आणि वहिनीशी वेगळं बोलल्या. घरात चोवीस तास कुणी ना कुणी जवळ राहील का, हे तीनतीनदा विचारलं. वहिनी हो म्हणाली. मग अटी: गोळ्या आठवड्यापुरत्याच मिळतील आणि वहिनीच्या कुलपात राहतील. ज्यानं मला इजा होऊ शकेल असं जे जे घरात, आगरात आहे ते आजच बाहेर हलवायचं किंवा कुलपात घालायचं. काय काय, ते इथे लिहीत नाही. त्यामागचं कारण मात्र लिहितो. तो झटका बहुतेक वेळा फार वेळ टिकत नाही, आणि तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. दादानं परत आल्यावर रात्रीच ते काम केलं, कंदील घेऊन.

शेवटी एका कागदावर बाईंनी आणि मी मिळून लिहिलं: वाईट वाढतंय हे कसं ओळखायचं (पहाटे तीन, हिशेब सुरू), तेव्हा आधी काय करायचं (ओटीवर यायचं, एकटं राहायचं नाही), कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा. अक्षर माझंच. घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे, शाई पुसट झालीये.

पुढच्या भेटी बहुतेक फोनवर झाल्या. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, २५ मार्चला, डॉक्टरांनी फोनवर, व्हिडिओवर रुग्ण कसे पाहायचे याचे नियम केंद्रानं काढले होते, त्याचा मला असा उपयोग झाला. घरात रेंज येत नव्हती. वर सड्यावर, कातळाच्या माळावर यायची. आठवड्यातून एकदा मी आणि दादा पाखाडी चढून कातळावर जायचो. दादा माझ्या डोक्यावर छत्री धरायचा आणि स्वतः भिजायचा. पाऊस इतका की बाईंचा आवाज ऐकू येत नसे, मग त्या तेच पुन्हा विचारायच्या, आणि मी सड्यावर उभं राहून मोठ्यानं ओरडून सांगायचो, "हो, अजून येतात विचार! कालपेक्षा कमी!" माझ्या आयुष्यातली सगळ्यात खासगी गोष्ट मी अशी ओरडून सांगितली आहे. दादा त्या वेळी दुसरीकडे, खाडीकडे बघत राहायचा.

आणि रोज संध्याकाळी वहिनी गोळी हातावर ठेवताना एकच शब्द विचारायची, "नववा?" मी सांगायचो: आहे, थोडा आहे, दुपारी होता आता नाही. मुलीला वाटायचं गोळीचं नाव आहे ते.

एकोणिसाव्या दिवशी कुळथाच्या पिठीतली लसूण लागली. बास, एवढंच. गेले दोन-अडीच महिने जिभेला काही लागलं नव्हतं. मी कुणाला बोललो नाही, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि आईनं ते पाहिलं.

२२ ऑगस्टला गणपती आले. मुंबईकरांना आधी येऊन दहा दिवस वेगळं राहायला लागत होतं, त्यामुळे घरोघरच्या आरत्या बारीक आवाजाच्या. आमच्याकडचा नैवेद्य मी केला, माझं कामच ते. एकवीस मोदक वळताना मध्ये दोनदा बसावं लागलं.

हप्त्याचं दुखणं गोळीनं जाणार नव्हतं. बाईंनी तेही विचारलं होतं, किती कर्ज, कुणाकडे बोललात? दादाच्या ओळखीच्या एका मुलानं बँकेला अर्ज लिहून दिला. कोरोनात उत्पन्न गेलेल्यांच्या कर्जाची फेररचना करायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टमध्ये परवानगी दिली होती, त्याखाली. हप्ता लहान झाला, मुदत लांबली. मी महिनोन्‌महिने ज्याचा डोंगर केला होता, ते चार पानी अर्जाचं काम निघालं. पण त्या जुलैत तो अर्ज भरायला मला पेन उचलता आलं नसतं, हे विसरू नका. कर्जबाजारी माणसाला 'बँकेत जाऊन ये' म्हणू नका, त्याच्याबरोबर जा.

पुढे कधीतरी पेपरात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वाचले. देशात २०१९ साली आत्महत्या १,३९,१२३. २०२० साली १,५३,०५२. त्यात ३७,६६६ रोजंदारीवरचे. महाराष्ट्रात १९,९०९, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मी पेपर बाजूला ठेवून आगरात गेलो. त्यातल्या कितीजणांना दिव्यांच्या अवसेला कुणी विचारलं असेल? वहिनीसारखं माणूस घरात नसेल तर काय, हा प्रश्न मला फार छळतो. तेव्हा मला कुठला फोन नंबर माहीत नव्हता. आता १४४१६ आहे, सरकारचा टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून, रात्री-अपरात्री कधीही, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या पडवीच्या दारामागे खडूनं लिहून ठेवलाय.

मे २०२१. दुसरी लाट जोरात होती आणि १६ तारखेला तौक्ते आलं. वादळ आमच्यासमोरून समुद्रातून गेलं, निसर्गाएवढं नाही, पण वाऱ्याचा तो आवाज सुरू झाला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी अजून गोळीवर होतो, तरी पहाटे तीनला उठलो आणि हिशेब सुरू झाला. तोच, जुना. कव्हरमधला कागद काढला. ओटीवर गेलो. दादा झोपला होता, त्याला हलवून म्हटलं, "नववा." तो उठून बसला, भिंतीला टेकला आणि मलाही टेकायला जागा केली. वाऱ्याबद्दल, कौलांबद्दल बोलत राहिलो. उजाडल्यावर सड्यावर जाऊन फोन केला, बाईंनी गोळी वाढवली. तीन आठवड्यांत उतरलं. गोळ्या त्यांनी २०२२ च्या पावसाळ्यात हळूहळू कमी करत बंद केल्या.

त्याच मे महिन्यात एका रात्री वहिनी सर्व्हेवरून परतली ती चप्पल न काढताच पडवीत बसली. त्या आठवड्यात वाडीतली दोन माणसं गेली होती. दोघांचंही ऑक्सिजन तिनंच मोजलं होतं. आतून मुलं जेवायला हाक मारत होती, तिला ऐकू येत नव्हतं. मी माझी गोळी घेतली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

"वहिनी," म्हटलं, "नववा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही.

"नववा नाय," म्हणाली. "तिसरा नि चौथा मात्र आहे. बरेच दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची पिशवी उचलली, ऑक्सिमीटर, सॅनिटायझर, रजिस्टर, आणि तिच्याबरोबर पाखाडी उतरलो. पहिल्या घराच्या गडग्याशी ती थांबली आणि म्हणाली, "आज तुम्ही विचारा, मी लिहिते."